पाटीवर लिहिल्यापासून लागू

मान थोडी वर करा, म्हणजे दिसेन. गाड्यांच्या पासिंगचे पैसे भरायची खिडकी आहे ना, तिच्या डोक्यावरची लांबरुंद पत्र्याची पाटी, तीच मी बोलतेय.

माझा जन्म एका बसच्या कुशीतून झाला. बस इथे पासिंगला आली आणि नापास झाली. तिचं बूड गंजलं होतं, पण कुशीचा पत्रा खणखणीत होता. तो कापून, घासून, काळा रंग देऊन मला टांगलं. आमच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेली मी पहिलीच.

माझ्या अंगावर चार ओळी होत्या. दुचाकी, तीनचाकी, व्हॅन-मोटार आणि ट्रक-बस. प्रत्येकीसमोर तपासणीचं शुल्क. खिडकीतल्या कारकुनाशी भांडायची लोकांना हिंमत व्हायची नाही, म्हणून ते मला बोलायचे. "वा गं वा, एवढे?" म्हणायचे. एक तीनचाकीवाला तर माझ्याकडे बघून आपल्या गाडीला म्हणाला होता, "तुझी तरी एवढी किंमत आहे का?"

एके दिवशी शुल्क वाढल्याचा आदेश आला. त्यात लिहिलं होतं, नवे दर पाटीवर लिहिल्यापासून लागू. पेंटरकाका शिडी घेऊन आले. त्यांची पद्धत ठरलेली. एक ओळ पुसायची, तिला काळा हात द्यायचा, वाळू द्यायचा, मग पांढरे आकडे काढायचे. एक ओळ पुरी झाल्याशिवाय पुढचीला हात लावायचा नाही.

दुचाकीची ओळ झाली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक स्कूटरवाला पैसे कमी पडून परत गेला आणि रांगेला उमगलं, की काकांचा ब्रश आपल्या गाडीपर्यंत पोचायच्या आत आपण खिडकीपर्यंत पोचायला हवं. एकदम सगळ्यांना काकांची काळजी वाटू लागली.

"काका, सावकाश. शिडी हलतेय," शिडी हलवत तीनचाकीवाला म्हणाला. कुणी चहा आणला, कुणी दुसरा चहा आणला.

सगळ्यात जास्त धास्ती व्हॅनवाल्या मावशींना होती. त्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. त्यांच्या गाडीचं प्रमाणपत्र त्याच रात्री संपत होतं. उद्या कागद दाखवा, नाहीतर मुलं दुसऱ्या गाडीत बसवू, असं शाळेने सांगितलं होतं. पर्समध्ये जुन्या दराचे सहाशे आणि पेट्रोलचे दोनशे. व्हॅनचा नवा दर पंधराशे.

"काका, तुमचा चार काय सुरेख आहे हो," मावशी म्हणाल्या.

काका दोन पायऱ्या उतरले. "चार कुणालाही जमतो. नऊ काढायला हात लागतो."

"मग नऊ कसा काढता, ते दाखवा ना."

काका खाली उतरून भिंतीवर नऊ काढू लागले. तेवढ्यात तपासणीचे साहेब बाहेर आले. थोडा वेळ ते नऊ बघत राहिले.

"नव्या दरात नऊ कुठेच नाही. वर चढा."

काका चढले. तीनचाकीची ओळ झाली. मावशींच्या पुढे एकच माणूस उरला होता तेव्हा काकांनी व्हॅनची ओळ पुसली आणि काळा हात दिला. मावशी खिडकीशी पोचल्या. कारकुनाने मान बाहेर काढून वर पाहिलं.

"तुमचा दर नाही."

"म्हणजे फुकट?"

"फुकट नाही. दर नाही."

"मग जुना घ्या."

"तो पुसला. नवा वाळल्यावर येईल. बसा."

मागून एकाने काच धुवायच्या पाण्याची बाटली हळूच पुढे केली आणि माझ्यावरचा ओला रंग धुऊन टाका, अशी डोळ्यांनी खूण केली. मावशींनी मान हलवून नको म्हटलं. मी त्यांची आभारी आहे. मग त्यांची नजर माझ्या चौथ्या ओळीवर गेली. तिथे ट्रकचे जुने आठशे तसेच होते.

"ट्रकचे घ्या."

"मावशी, ही व्हॅन आहे."

"आवाज ट्रकचाच आहे."

"ट्रकला सहा चाकं असतात."

"स्टेपनी धरून पाच आहेत. एका चाकासाठी किती ताणता?"

कारकुनाने साहेबांना हाक मारली. साहेबांनी आदेश वाचला, मला वाचलं, पुन्हा आदेश वाचला. "जुन्यापेक्षा दोनशे जास्तच देताय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पावती फाडा. पण पावती ट्रकची, तर तपासणीही ब्रेक तपासायच्या ट्रकच्या रोलरवर."

मावशींचा चेहरा उतरला, पण त्या गाडीत बसल्या. ट्रकच्या रोलरवर ती व्हॅन म्हणजे परातीत लिंबू. रोलर फिरले तशी ती एकदा इकडे, एकदा तिकडे. रांग मान लांब करून बघत होती. काकांचा ब्रशही हवेत थांबला.

"ब्रेक दाबा," तपासनीस ओरडला.

मावशींनी दाबला. व्हॅनच्या पोटातून एक हुंदका आला आणि ती जागच्या जागी थांबली.

"ट्रक पास," तपासनीस सवयीने म्हणाला. साहेबांनी प्रमाणपत्रावर मात्र स्वतःच्या हाताने व्हॅन लिहिलं. पेट्रोलला पैसे उरले नव्हते, तेव्हा तीनचाकीवाल्याने ती पास झालेली गाडी दोरी बांधून फाटकाबाहेर ओढत नेली. मागे काकांनी तिसऱ्या ओळीत पंधराशे लिहिले.

त्यानंतर साहेबांनी ब्रशचा धसकाच घेतला. पुन्हा कुणी अर्ध्या रंगलेल्या ओळींवरून वाद घालू नये, म्हणून दर लिहून होताच त्यांनी मला उलटी करून तोंड भिंतीकडे केलं. आता तुम्हाला दिसते ती माझी पाठ. तिच्यावर लिहिलंय, 'दरांसाठी खिडकीत विचारावे.' आणि खिडकीत विचारलं की कारकून खाली बघूनच म्हणतो, "वर पाटी आहे ना."

यंदा मावशी आल्या. त्यांनी मला वाचलं, खिडकीत विचारलं, परत मला वाचलं. मग शिडी मागितली, मोबाइलची बॅटरी लावली, भिंतीच्या आणि माझ्या फटीत डोकं घातलं आणि खाली येऊन पुरते पंधराशे मोजून दिले.

तुम्हीही तसंच करा. शिडी मागच्या दाराशी असते. फक्त आत एक कोळी राहतो, त्याला धक्का लावू नका. माझे दर कुरकुर न करता वाचणारा तो एकटाच आहे.