दुपारच्या सत्राची सही

खरवईतल्या त्या इमारतीत पाणी पहाटे पाच पन्नासला येते आणि साडेसहाला जाते. तेवढ्या चाळीस मिनिटांत अनुया दिघेने दोन पिंपे भरली, मशीन लावले, कुकर चढवला आणि भेंडी चिरली. पावणेसातला दूध आले. पिशवी एका कोपऱ्यातून गळत होती, म्हणून ती तशीच पातेल्यात उभी करून ठेवली. सात वाजता नवऱ्याचा, पुष्करचा डबा भरून झाला. सव्वासातला तिने काळा कोट हँगरवरून काढला, बाहीवरचा डाग ओल्या फडक्याने पुसला, आणि मग तिच्या लक्षात आले की आज कोट लागणारच नाही.

“आज प्रशिक्षण,” ती म्हणाली.

“परत?” पुष्करने मोबाइलमधून मान वर केली. “मार्चमध्ये झालं ना?”

“मार्चमध्ये उजळणी वर्ग होता. हे निरंतर प्रशिक्षण.”

“निरंतर म्हणजे संपणारच नाही की!”

एरवी ती हसली असती. तिने कोट पुन्हा हँगरला लावला, आणि निघताना काय वाटले कोण जाणे, घडी करून स्कूटरच्या डिकीत टाकला.

अनुया बारा वर्षे सहायक सरकारी अभियोक्ता होती. उल्हासनगरच्या न्यायालयात सरकारच्या बाजूने फौजदारी खटले चालवणे हे तिचे काम. प्रशिक्षणाला तिचा विरोध नव्हता. नवे कायदे आले तेव्हा पहिले दोन महिने तिनेही भर न्यायालयात चुकीची कलमे सांगितली होती; शिकणे भाग आहे हे तिला मान्य होते. तिचा संताप तारखेवर होता.

प्रशिक्षण मुळात पुढच्या सोमवारपासून होते. ते गृहीत धरून तिने या गुरुवारी एका खटल्यात साक्ष लावून घेतली. मग नवे परिपत्रक आले. अंबरनाथचे ते सभागृह पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी साखरपुड्याला दिले गेले होते, त्यामुळे तीन दिवसांचे प्रशिक्षण चार दिवस अलीकडे ओढले होते. रोज सकाळी आणि दुपारी सही. एक सही जरी चुकली तरी प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय पदोन्नतीच्या यादीत नाव जाणार नाही. अनुयाने एका दिवसाची सूट मागितली. उत्तर एका ओळीचे होते : ‘आपले काम प्रभारी अभियोक्ता पाहतील.’

प्रभारी म्हणजे धम्मदीप. माणूस सज्जन, पण त्याच्याकडे आज तीन न्यायालये होती. शिवाय अभियोक्त्यांमध्ये एक न लिहिलेला रिवाज असतो : दुसऱ्याच्या साक्षीदाराला हात लावायचा नाही. ज्याने कागद वाचले, जो साक्षीदाराशी बोलला, त्यानेच साक्ष घ्यायची. प्रभारी फक्त उभा राहतो आणि तारीख मागतो. त्याने सहसा कोणाचे बिघडत नाही.

या खटल्यात मात्र बिघडणार होते. मागच्या तारखेलाच न्यायाधीशांनी लिहून ठेवले होते : अभियोग पक्षास शेवटची संधी. आज साक्ष झाली नाही तर पुरावा बंद आणि आरोपी मोकळा.

तीन वर्षांपूर्वी मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात प्रीतम नावाच्या कामगाराची तीन बोटे प्रेसखाली गेली होती. काम वेगाने व्हावे म्हणून पर्यवेक्षकाने मशीनची संरक्षक जाळी काढायला लावली, असा आरोप होता. दोन सहकारी साक्षीला आले आणि ‘आम्ही काही पाहिलं नाही’ म्हणून खाली उतरले. दोघेही अजून त्याच कारखान्यात कामाला होते. राहिली होती विठा, तिथे झाडलोट करणारी मोरिवलीची साठीची बाई. जाळी काढताना तिने पाहिले होते. ती चार वेळा न्यायालयात आली होती. एकदा आरोपीचा वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा संप, आणि एकदा अनुया स्वतःच त्या मार्चच्या उजळणी वर्गात. त्या दिवसानंतर अनुयाने तिला फोनवर सांगितले होते, “मावशी, पुढच्या वेळी मी असणार. शब्द देते.”

सभागृहात दहाच्या आधीच अभिप्रायाचे फॉर्म वाटण्यात आले.

“अजून सुरू कुठं झालंय?” अनुयाने विचारले.

“मॅडम, संध्याकाळी सगळे पळतात,” वाटणारा लिपिक शांतपणे म्हणाला. “आताच भरून टाका. ‘अतिशय उपयुक्त’ला खूण करा, सगळे तेच करतात.”

शेजारी जिज्ञासा म्हात्रे बसली होती, दोन वर्षांपूर्वी लागलेली, बडबडी आणि हुशार. तिने केव्हाच खूण केली होती. “मॅडम, करून टाका ना. चहा तिकडे फॉर्म दिल्यावरच मिळतोय.”

अनुयाने फॉर्म कोराच पर्समध्ये ठेवला.

पहिले व्याख्यान पडद्यावरच्या तक्त्याचे होते. डावीकडे जुनी कलमे, उजवीकडे नवी. निवृत्त व्याख्याते ती एकेक वाचून दाखवत होते. अनुया मनात म्हणाली, हाच तक्ता माझ्या टेबलाच्या काचेखाली वर्षभर आहे. विठाचा खटला तर जुन्याच कायद्याखाली चालू होता. तिने घड्याळ पाहिले. अकरा दहा.

साडेअकराला फोन थरथरला. न्यायालयात साक्षीदारांची ने-आण पाहणारा पैरवीचा हवालदार सदू. ती वाकून दाराबाहेर आली.

“मॅडम, म्हातारी साडेदहालाच येऊन बसलीय. पुकारा झाला. धम्मदीप सरांनी तारीख मागितली तर साहेब म्हणाले, अडीचला घेतो, तोवर सोय करा. नाहीतर पुरावा बंद.”

“सर घेतात का साक्ष?”

“सर म्हणतात, मी फाइल उघडलेली नाही, घाईत घेऊन वाट लावण्यापेक्षा न घेतलेली बरी. ते पण खरंच आहे म्हणा.” सदूने आवाज खाली आणला. “अन् मॅडम, कारखान्याचा एक माणूस सकाळपासून तिला चहा पाजतोय.”

“तिला फोन द्या.”

थोडी खुडबुड झाली. मग विठाचा आवाज आला, समोरच्याला ऐकू जाणार नाही या भीतीने वाढवलेला. “बाय, मी आयले गो. तू कुठं हायेस?”

“मावशी, मी अंबरनाथला आहे. प्रशिक्षण आहे.”

“तू अजून शिकतेस? बारा वरसं कोरटात हायेस ना?”

अनुयाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हा भाऊ बोलतो, आजी, कशाला तारखा खातेस, तुज्या बाईला बी तुजी पडलेली नाय. मी बोलले, ती येनार. बोललीय म्हंजे येनार.” मग ती म्हणाली, “पन पाच येला झाली, बाय. सावी येल मी नाय येनार. सून बोलते, तुला काय प्रीतम जावई लागतो?”

“चहा पिऊ नका त्याचा,” अनुया म्हणाली.

“पियाले कदीच. चा पियाला म्हनून मी तोंड बांधून घेतलं काय?”

फोन ठेवून ती आत आली तेव्हा पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘साक्षीदार हजर असताना तहकुबी नको.’ व्याख्याते म्हणत होते, “बंधूंनो आणि भगिनींनो, साक्षीदार हा आपला पाहुणा असतो. पाहुण्याला दारात बसवायचं नसतं.” सभागृहात कोणीतरी वहीत ते लिहून घेतले.

अनुयाला त्या क्षणी ओरडावेसे वाटले. पण ओरडणार कोणावर? व्याख्याते खरे बोलत होते. लिपिक नेमलेले काम करत होता. सूट नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावरही वरून उपस्थितीची टक्केवारी मागणारा कोणी असेल. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता, आणि या सगळ्या बरोबर माणसांनी मिळून एका बाईला चार वेळा परत पाठवले होते. त्यांत ती स्वतःही होती.

जेवणाच्या रांगेत तिने जिज्ञासाला सांगितले. जिज्ञासाने पुरीचा तुकडा तोंडात टाकत विचारले, “एवढंच ना? टेन्शन कशाला? तुम्ही जा, दुपारची सही मी मारते. एक रेघ आणि दोन टिंबं, मला येते तुमची सही. कोण बघतंय?”

“आपण रोज याच्यासाठी लोकांवर खटले चालवतो गं.”

“मॅडम, प्लीज! यादीत नाव गेलं नाही तर अजून दोन-तीन वर्षं तिथेच. तुमच्या मागून लागलेले पुढे गेले. आणि नोटीस आली तर?”

“आली तर उत्तर देईन.” अनुयाने ताट खाली ठेवले. तिला नोटिशीची भीती वाटत होती, आणि ती वाटत नाही असे दाखवण्याइतका वेळ आज तिच्याकडे नव्हता. “माझी भेंडी डब्यात आहे, तू खा. पुरी तेलकट आहे.”

हजेरीचा तक्ता दाराशी टेबलावर होता. लिपिक जेवायला गेला होता. दुपारच्या रकान्यात काही सह्या आताच झालेल्या दिसत होत्या. त्यांचे मालक कधीच रस्त्याला लागले असणार. अनुयाने आपले नाव शोधले. दुपारच्या चौकोनात तिने लहान, नीट अक्षरांत लिहिले : ‘गैरहजर. न्यायालयात साक्ष घेण्यासाठी गेले. वेळ १.४०.’ खाली सही केली. मग पर्समधला फॉर्म काढला. त्यात ‘सूचना’ अशी एक ओळ होती. तिथे तिने लिहिले की प्रशिक्षणाच्या तारखा ठरवण्यापूर्वी साक्षीच्या तारखा पाहाव्यात. उपयुक्ततेच्या चौकोनांपैकी ‘उपयुक्त’ला खूण केली, कारण व्याख्यात्यांचे ते वाक्य खरे होते.

स्कूटर काढून ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनचा बाजार टाळत लांबच्या रस्त्याने गेली. तरी दोन ठिकाणी टेम्पो आडवे होते. न्यायालयाच्या आवारात पोहोचली तेव्हा दोन वाजून बावीस मिनिटे झाली होती. डिकीतला कोट चुरगळला होता. तिने तो झटकला आणि जिन्यावरच घातला.

विठा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. शेजारचा माणूस अनुयाला पाहून उठला आणि मोबाइल कानाला लावत दूर गेला.

“आयलीस?” विठाने विचारले. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा राग जास्त होता. “शाला सुटली तुजी?”

“मीच सोडली. चला.”

धम्मदीपने फाइल तिच्याकडे सरकवली आणि बाजूची खुर्ची घेतली. पुकारा झाला. विठा पिंजऱ्यात चढली, चप्पल खाली काढून. न्यायाधीशांनी वर पाहिले. “अभियोक्ता मॅडम, आपलं प्रशिक्षण होतं ना?”

“होतं, साहेब. साक्षीदार हजर आहे.”

त्यांनी टंकलेखकाला खूण केली. शपथ झाली. अनुयाने फाइल उघडली. तिला ती उघडायची गरज नव्हती.

“मावशी, त्या दिवशी सकाळी तुम्ही किती वाजता कामावर गेलात?”

“आठाला,” विठा म्हणाली. “झाडू घेतला, अन् मशीनकडे गेले.”

“तिथे काय पाहिलंत?”