कोमट करून

आरोग्य कार्यालयाच्या माहिती विभागात चार टेबलं होती, आणि कुठलंही वाक्य चारही टेबलांवरून फिरल्याशिवाय जनतेपर्यंत पोचत नसे. पोचेपर्यंत ते ओळखू येत नसे, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या टेबलावर माहिती सहायक बसायची. खालच्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराशेजारी फुटली आणि आठवड्यात चाळीस जणांना जुलाब लागले, तेव्हा तिने एक ओळ लिहिली : ‘पाणी उकळून प्या.’ दुसऱ्या टेबलाने ‘प्या’चं ‘प्यावे’ केलं. ‘प्या’ म्हटलं की कार्यालय जनतेशी घरच्यासारखं बोलतंय असं वाटतं. तिसऱ्याने सुरुवातीला ‘अतिसाराच्या पार्श्वभूमीवर’ जोडलं, कारण जुलाब हा शब्द लेटरहेडखाली शोभत नाही. चौथं टेबल साहेबांचं. साहेबांनी पेनाचं टोक चावत विचार केला.

“उकळतं पाणी पिऊन कुणाचं तोंड भाजलं तर? जबाबदारी कुणाची?”

आणि ‘उकळून’च्या पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘कोमट करून’ घातलं. नऊ वर्षांत साहेबांनी जनतेसाठी लिहिलेले हे पहिलेच दोन शब्द. ते काढायचं कुणाच्या मनातही आलं नाही. सहायकबाईच्याही नाही.

पाच हजार पत्रकं वाटली. चाळीसाचे सत्तर झाले.

“लोक ऐकतच नाहीत,” साहेब म्हणाले. “अक्षर मोठं करा.”

अक्षर मोठं केलं. सत्तराचे नव्वद झाले.

त्या नव्वदांत एक सहायकबाईची भाची होती. भाऊ-वहिनी खालच्या वस्तीतच राहायचे. पोरगी दोन वर्षांची, घरात सगळे तिला चिमणी म्हणत, आणि चार दिवस सलाईनवर राहिल्यावर ती खरोखरच तेवढी झाली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “हिच्या अंगात आता काही उरलेलं नाही. परत जुलाब झाले, तर मी काही सांगू शकत नाही.” डॉक्टरांचं वाक्य कुठल्या टेबलावरून आलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना एका झटक्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी सहायकबाई रजा टाकून वस्तीत गेली. दहा घरांत विचारलं, “पाणी उकळता का?” दहाही घरांनी हो म्हटलं. एका आजोबांनी तर पत्रक पार्श्वभूमीसकट म्हणून दाखवलं. अकरावं घर भावाचं. तिथे ती काही न विचारता ओट्याला टेकून उभी राहिली.

वहिनीने पातेलं चढवलं. पाणी खळखळ उकळलं. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. उकळी नीट येऊ द्यायची, यात तिची कसूर नव्हती. मग गॅस बंद केला, पेला अर्धा भरला, चिमणीने हात पुढे केला, आणि वहिनीने पेला नळाखाली धरून उरलेला भरला.

“वहिनी! हे काय करतेस?”

“काय म्हणजे? कोमट करतेय.”

“नळाच्या पाण्याने?”

“मग कशाने करू?” वहिनीने फ्रीजच्या दारावर लावलेलं पत्रक बोटाने दाखवलं. “तूच लिहिलंयस ना? उकळून, कोमट करून. शब्दन् शब्द पाळतेय मी. आणि तुझे साहेब म्हणतात, आम्ही ऐकत नाही!”

सहायकबाईने पेला तिच्या हातून घेतला आणि मोरीत ओतला. चिमणीने भोकाड पसरलं. वहिनीला आधी राग आला, मग समजलं. “म्हणजे गेले तीन आठवडे मीच...”

“तू नाही. आम्ही. चार टेबलं आहेत आमच्याकडे.”

दुपारी ती कार्यालयात गेली आणि पत्रक दुरुस्त करायला हवं म्हणाली. साहेबांनी ऐकून घेतलं.

“म्हणजे आधीचं चुकलं, असं आपणच सांगायचं?”

“हो.”

“तसं करता येत नाही. शुद्धिपत्रकाची पद्धत आहे. प्रस्ताव ठेवा. महिनाअखेरपर्यंत बघू.”

“महिनाअखेरपर्यंत नव्वदाचे किती होतील?”

“तो आकडा सांख्यिकी विभागाचा,” साहेब म्हणाले.

तिने प्रस्ताव ठेवला, रीतसर, तीन प्रतींत. मग ती भंगारवाल्याकडे गेली.

खालच्या वस्तीत माणसं खरोखर कान देत असतील तर ती एकाच आवाजाला. भंगारवाल्याच्या गाडीवरचा भोंगा वाजला की झोपलेली माणसं उठून जुना पंखा शोधायला लागत.

“करू की रेकॉर्ड,” भंगारवाला म्हणाला. “पण ताई, माझी ओळ मी काढणार नाही. धंदा आहे.”

“काढू नकोस. फक्त माझ्या ओळीत कुणाला एक शब्दही घालू देऊ नकोस.”

“आपल्याकडे टेबलच नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीत दिवसातून तीनदा ऐकू येऊ लागलं : “पाणी उकळा. झाकून ठेवा. आपोआप गार होऊ द्या. वरून नळाचं पाणी घालू नका, घातलं तर परत जुलाब. लोखंड, पत्रा, रिकाम्या बाटल्याऽऽ!”

तिसऱ्या दिवशी पोरं ते खेळताना म्हणू लागली. वहिनी घरोघर जाऊन पातेल्यांवर झाकणं आहेत का बघू लागली, आणि नसलेल्यांना असं काही बोलू लागली की त्यांनी निदान ताटल्या तरी झाकण म्हणून ठेवल्या. आठव्या दिवशी दवाखान्यात नवे पेशंट तीनच आले. नवव्या दिवशी साहेब आले. कार्यालयाची माहिती भंगाराच्या गाडीवरून दिली जाते, अशी तक्रार वरपर्यंत गेली होती.

दुपारची वेळ, ऊन मरणाचं. साहेब गल्ली चढून भावाच्या दारात पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. सहायकबाई तिथेच होती. आसपासच्या बायका, तपास कसा असतो ते बघायला, दारात जमल्या.

“परवानगी कुणाची घेतली होती?” साहेबांनी सुरुवात केली, पण घसा कोरडा पडला. “आधी जरा पाणी द्या.”

“बसा ना,” वहिनी म्हणाली. “आत्ताच उकळलंय. गार व्हायला तासभर लागेल.”

“तासभर?” साहेबांनी रुमालाने मान पुसली. “अहो, मग थोडं नळाचं घाला की त्यात! कोमट झालं म्हणजे झालं.”

मग दारातली एक म्हातारी म्हणाली, “बाई, यांच्याकडे नाही का गं ती गाडी जात?”

गल्ली हसली. साहेबांनी एकदा नळाकडे पाहिलं, एकदा फ्रीजवरच्या पत्रकाकडे. तिथे त्यांचे दोन शब्द होते, मोठ्या अक्षरात, त्यांच्याच सूचनेप्रमाणे.

“माझा अर्थ आपोआप कोमट असाच होता,” ते हळूच म्हणाले.

“हो ना,” सहायकबाई म्हणाली. तिने पिशवीतून प्रस्तावाची चौथी प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली. “म्हणून तेवढंच लिहिलंय. जुलाबसुद्धा जुलाबच ठेवलाय. इथे सही.”

“आणि तपास?”

“करा ना. तासभर आहे आपल्याकडे.”

साहेबांनी प्रत दोनदा वाचली. सवयीने पेनाचं टोक तोंडात गेलं, शब्द शोधायला. पण दारातल्या सगळ्या बायका त्यांच्या हाताकडेच बघत होत्या. त्यांनी सही केली.

तासाने वहिनीने पातेल्याला हात लावून पाहिलं आणि ताटली काढली. साहेब अर्धवट उठले. सहायकबाईने पहिला पेला भरून चिमणीच्या हातात दिला. चिमणीने तो दोन्ही हातांत धरून, मधे श्वास घेत, शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, आणि पेला परत पुढे केला.

“अजून,” ती म्हणाली.

साहेब पुन्हा बसले.