पायाळू सून

मोहिनी जन्माला येताना आधी पाय बाहेर आले, यात तिचा काही हात नव्हता. पण लग्न होऊन धुळ्याहून एरंडोलजवळच्या सासरी आली, आणि गावाला फुकटचा दवाखाना मिळाला. पायाळू माणसाच्या लाथेनं पाठीतली चमक जाते म्हणतात. ज्याची पाठ धरे तो सकाळी ओट्यावर पालथा पडून असे. केर काढता काढता ती लाथ मारी, तो चहा पिऊन जाई. सरपंचांनी तर लाथ खाऊन हात जोडले होते.

सासऱ्यांचं, जीवरामनानांचं दुखणं वेगळं होतं. मांडीला गळू झालं, ते त्यांनी बाभळीच्या काट्यानं फोडलं. मग पाठ धरली, आणि रोज हुडहुडी भरून ताप.

"चमक शे," सासू भिकुबाई म्हणाली. "मार वं पोरी."

"चमकेला ताप येतो का, आई? दवाखान्यात न्या."

"बठ्ठा गावले लाथा मारस, आनि घरना माणूसले नही?"

मोहिनी अडून बसली. मग तिच्या नवऱ्यानं, हेमराजनं, गाडी काढली. दवाखान्यासाठी नव्हे. चाळीसगावहून रतिलालला आणलं. तोही पायाळू, वर धंद्यानं हमाल. त्यानं चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं आणि दिली ठेवून. नाना म्हणाले, "बरं वाटलं." पाहुण्याचं मन मोडायचं नाही ही त्यांची जुनी खोड. संध्याकाळी उठायला गेले तर पाय हलेनात. लघवीही तुंबली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "गळवातले जंतू रक्तातून मणक्यात गेलेत. हाड पोखरलंय, पू मज्जारज्जूवर दाबतोय. पू काढू, पण पाय परत येतीलच असं नाही. पाठीला मार लागला होता?"

हेमराज पंख्याकडे बघू लागला.

"लागला नाही, मागवला," मोहिनी म्हणाली. "गाडी काढून. जेवू घालून."

ऑपरेशननंतर ती खाटेच्या पायथ्याशी बसली. नानांच्या तळव्याला हात लावून म्हणाली, "मारा लाथ."

"सूनले?"

"मारा म्हणते ना."

नानांनी डोळे मिटले. कपाळाला घाम आला. अंगठा मुंगीएवढा सरकला.

"ही लाथ? हिनं माशी उठायची नाही. परत."

मागे भिकुबाई शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला सांगत होती, "कंबर दुखस का? मनी सून पायाळू शे." म्हातारा पालथा व्हायला लागला.

मोहिनीनं तळवा सोडला नाही. "आधी यांना मला मारू द्या," ती म्हणाली. "मग मी कोणाकोणाला मारायचं ते बघते."