एक्केचाळीस नंबरचे हात

हातांवरून आपण माणूस ओळखतो, असं डॉ. हेरंब देवस्थळी स्वतःच सांगायचा आणि विद्यार्थी ते निमूट ऐकून घ्यायचे. चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात बावीस वर्षं सर्जरी शिकवलेल्या माणसाशी वाद घालायला जाणार कोण? मिरजेहून आलेला हा गृहस्थ इथल्या थंडीला सरावला, राजम्याला सरावला, पण दुसऱ्याच्या चुकीला काही सरावला नाही.

गेल्या ऑक्टोबरात त्यानं टाके शिकवण्याचा ऑनलाइन वर्ग काढला. पंजाब-हिमाचलमधल्या सात कॉलेजांतली साठ मुलं. प्रत्येकानं आठवड्याला सहा मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. त्यात सिलिकॉनची नकली कातडी, तिला दिलेली चीर आणि ती शिवणारे दोन हात, तेही हातमोजे घातलेले. चेहरा नाही, नाव नाही, कोपऱ्यात फक्त नंबर. हेरंब वीसपैकी गुण द्यायचा आणि खाली शेरा लिहायचा. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त गुरलीनला ठाऊक. गुरलीन म्हणजे त्याच्या हाताखालची तरुण डॉक्टर. ओळखीपाळखीनं गुण द्यायचे नाहीत, यासाठी हा सगळा बंदोबस्त होता.

आणखी एक बंदोबस्त त्यानं स्वतःपुरता केला होता. पहिल्याच आठवड्यात कुणी मागे गाणी लावली, कुणी "सॉरी सर, लाईट चली गयी थी" म्हणून गयावया केली. हेरंबनं कॉम्प्युटरचा आवाज बंद केला तो कायमचा. हात बघायचे तर कान कशाला हवेत? हे त्यानं मुलांना सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

पाच आठवड्यांत साठातला एकच हात त्याच्या मनात भरला. नंबर एक्केचाळीस. पहिल्या व्हिडिओत सुई कातडीत तिरकी जात होती. "सुई सरळ टोचा, मग मनगट वळवा," असं त्यानं लिहिलं आणि पुढच्या वेळी मनगट वळलं. "गाठ आवळू नका, कडा नुसत्या टेकू द्या," असं लिहिलं आणि तिसऱ्या आठवड्यात कडा टेकल्या. सांगितलेलं ऐकणारा हात क्वचित भेटतो. पाचव्या आठवड्यात त्यानं अठरा गुण दिले आणि खाली लिहिलं, "असेच पुढे जा." हेरंबच्या हातून एवढं कौतुक म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखंच होतं.

त्या दिवशी जेवताना तो बायकोला, विनयाला, म्हणाला, "एक पोरगा आहे. एक्केचाळीस नंबर. हा सर्जन होणार."

"पोरगाच कशावरून?" विनयानं विचारलं आणि ती हसली. जेवण होईपर्यंत मधूनमधून हसतच होती. हेरंबनं तिकडे लक्ष दिलं नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी नेत्रा हिमाचलमधल्या एका कॉलेजात डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या वर्षी ती म्हणाली होती, "बाबा, मुझे सर्जरी करनी है." चंदीगडातच वाढलेली मुलगी, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. हेरंब तेव्हा पेपर वाचत होता. "आधी हात बघू," तो म्हणाला. बघायचं राहूनच गेलं.

नोव्हेंबरात विनया गेली. सकाळी कणीक मळताना डोकं धरून खाली बसली आणि संध्याकाळी संपलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नवरा सर्जन असून दाराबाहेर उभं राहण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. सेक्टर पंचवीसच्या स्मशानातून तो परतला, आंघोळ केली आणि अभ्यासाच्या खोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

नेत्रा आली होती. महाराष्ट्र मंडळाच्या बायका आळीपाळीनं डबे आणत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नेत्राच चहा देत होती, पाहुण्यांच्या गाद्या नेत्राच घालत होती. हेरंब खोलीत साठ जणांचे व्हिडिओ तपासत बसला. ते हात त्याच्याजवळ काही मागत नव्हते. बाहेर गेलं की नेत्राचा चेहरा दिसणार, आणि तिची हनुवटी अगदी विनयासारखी होती. तो भ्यायला होता, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. माणसाचं पोट फाडायला न भिणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या हनुवटीला भ्यायला.

आठव्या दिवशी सकाळी शेवटचे पाहुणे गेले आणि दुपारी एक्केचाळीस नंबरचा सहावा व्हिडिओ आला. पाहता पाहता हेरंबच्या कपाळाला आठी पडली. हात थरथरत होते. दोन टाके जवळ, तिसरा लांब. कातडीखाली अंथरलेलं कापडही साधं नव्हतं, हिरवा खण होता. सहा मिनिटं होत आली, शेवटची गाठ बसली आणि हात तसेच हवेत थांबले. हेरंबनं तिथेच व्हिडिओ बंद करून लिहिलं, "वीसपैकी नऊ. हात थरथरतो. काठाचे कापड वापरू नये, लक्ष विचलित होते. मन जाग्यावर नसेल तर सुई हातात घेऊ नये."

त्यानंतर एक्केचाळीस नंबरचा व्हिडिओ आला नाही. हेरंबला थोडं वाईट वाटलं. आजकालच्या पोरांना जरा बोललेलं खपत नाही, असं म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला. नेत्रा तेरावा होताच होस्टेलला परतली. मग आठवड्यातून एकदा फोन आणि त्यात "ठीक हूँ बाबा" एवढंच.

फेब्रुवारीत वर्ग संपला. गुरलीन सर्टिफिकेटांची यादी घेऊन त्याच्या केबिनमध्ये आली.

"सर, फॉर्टी-वन ने बीच में छोड़ दिया, तो उसका नहीं बनेगा," ती म्हणाली आणि जरा घुटमळली. "वैसे नेत्रा ठीक है ना, सर? मॅम के जाने के बाद मैंने पूछा ही नहीं."

"नेत्रा?"

"फॉर्टी-वन. आपको पता था ना सर? मॅम को तो पता था. उन्होंने ही फोन करके कहा था, सर को बताना मत, सरप्राइज़ है."

हेरंबनं यादी हातात घेतली. एक्केचाळीससमोर नाव होतं, नेत्रा हेरंब देवस्थळी. त्यानं ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग गुरलीनला जायला सांगितलं, ओपीडी दुसऱ्या डॉक्टरवर सोपवली आणि भर अकरा वाजता तो घरी आला. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

अभ्यासाच्या खोलीत बसून त्यानं सहावा व्हिडिओ लावला. या वेळी आवाज चालू केला.

आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. मग डोअरबेल. त्यांच्या इस्पितळाच्या क्वार्टरची ती बेल अर्ध्यात घरघरायची, विनया वर्षभर दुरुस्त करून घ्या म्हणून मागे लागली होती. मग भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं. तो त्याचाच खोकला होता. मुलगी शेजारच्या खोलीत बसून टाके घालत होती आणि तो इकडे खोकत तिच्या टाक्यांतलं अंतर मोजत होता. खालचा हिरवा खण आता त्याला ओळखू आला. मिरजेहून त्यानंच आणला होता. विनयानं त्याचं ब्लाउज शिवायचं ठेवून दिलं होतं, चांगल्या टेलरची वाट बघत.

शेवटची गाठ बसली. हात हवेत थांबले. आणि नेत्राचा आवाज आला, हळू, नाक चोंदलेला. हिंदी नव्हती. आईची मराठी होती.

"बाबा, बाहेर या ना. मी वाढतेय. मला एकटीला जेवता येत नाहीये."

हात आणखी थोडा वेळ तसेच राहिले. मग एक हात पुढे आला आणि व्हिडिओ संपला.

हेरंबनं फोन लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

"हां बाबा. क्लास में थी."

"नेत्रा, एक्केचाळीस नंबर तू होतीस."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"मी आवाज बंद ठेवतो गं," तो म्हणाला. "सगळ्यांचाच. मी ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं."

पलीकडचा कॉरिडॉरमधला गलबला मागे पडत गेला.

"मुझे लगा आपने सुना," ती म्हणाली. "सुना, और फिर नौ नंबर दिए."

"नाही गं. नाही. शपथ घेऊन सांगतो."

"मैं टेबल पे बैठी थी बाबा. फोन हाथ में था. आपका जवाब आया तो मैंने सोचा, अभी दरवाज़ा भी खुलेगा. तीन महीने मैं इसी बात पे आपसे लड़ती रही, मन में. अब आप कह रहे हो सुना ही नहीं. अब मैं किससे लड़ूँ?"

"मी येतो तिकडे. आत्ता निघतो."

"नहीं बाबा. अभी मत आओ," ती म्हणाली. रागानं नव्हे, थकून. "मैंने सर्जरी छोड़ दी है. पॅथॉलॉजी सोच रही हूँ. वहाँ हाथ नहीं देखता कोई." मग सर आल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

हेरंब उठून बाहेर आला. जेवणाच्या टेबलावर ऊन पडलं होतं. त्याला तो आठवा दिवस आठवला. शेरा लिहून झाल्यावर, चारच्या सुमारास, भूक लागली म्हणून तो खोलीबाहेर आला होता. नेत्राच्या खोलीचं दार लावलेलं होतं. टेबलावर वरणभात झाकून ठेवलेला होता, पार गार झालेला. मंडळातल्या कुणाचा तरी डबा असेल, असं समजून तो उभ्या उभ्या जेवला होता, आणि मीठ कमी आहे असंही त्याच्या मनात आलं होतं.

झाकलेली ताटं दोन होती. दुसरं त्यानं उचलून फ्रिजमध्ये ठेवलं होतं.