अर्ध्या पानाची नोट

मी वीस शिलिंगांची नोट बोलतेय. खरं सांगायचं तर अर्धीच. फिलाडेल्फियात इंग्लंडच्या राजाचा अंमल होता, तेव्हा तिथल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. अंगात अभ्रकाचा चुरा, पाठीवर झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा आणि वर ताकीद: नक्कल करणाऱ्याला मृत्युदंड! एवढा माझा रुबाब. पण एका गिरणीवाल्याला सुटे पैसे मिळेनात, म्हणून त्यानं मला सरळ मधोमध फाडलं. दहा शिलिंग इकडे, दहा तिकडे.

पुढे दोन शतकं मी एका बायबलात दबून होते. तिथून मला सोडवलं एझ्रा वाइडनरनं. हा शाळेत सुतारकाम शिकवणारा मास्तर, जुन्या नोटांचा भारी नादी. माझी दुसरी अर्धी निघाली लव्हिनिया कोखर या विधवा बाईकडे. लँकेस्टर गावात दर मार्चमध्ये भरणाऱ्या जुन्या नोटांच्या मेळाव्यात दोघांनी आम्हाला टेबलावर शेजारी ठेवलं, तर पानाची शीर न् शीर जुळली!

"विकतोस?" लव्हिनियानं विचारलं.

"तूच विक की."

"तुझ्याकडे अगदी रया गेली बिचारीची."

"आणि तुझीला प्रेट्झेल बिस्किटांबरोबरच्या मोहरीच्या चटणीचा वास मारतोय, त्याचं काय?"

अठरा वर्षं दर मार्चमध्ये हेच. दहा मिनिटं शेजारी, मग आपापल्या पाकिटात.

मग एझ्राचे गुडघे गेले. वृद्धाश्रमात जाताना त्यानं सगळा संग्रह विकला, फक्त मला उशाशी ठेवलं. ते कळताच लव्हिनिया चेक लिहूनच आली.

"आता तरी दे रे. हट्ट कशाला?"

एझ्रा खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याच्या हातात होते.

"तुला दिली, तर पुढच्या मार्चमध्ये तू कशाला येशील?"

लव्हिनियानं चेक पर्समध्ये कोंबला आणि डोळे पुसले.

"खुळाच आहेस. अठरा वर्षं मी काय नुसती नोटेसाठी येत होते? आणि मार्च कशाला, दर रविवारी येईन. कॉफी मात्र तू पाजायची."

हल्ली रविवारी आम्ही दोघी त्यांच्या कॉफीच्या टेबलावर ऊन खात पडतो. ते भांडतात, आम्ही ऐकतो. संग्राहकांनो, उद्या कधी आम्ही तुमच्या हाती आलो, तर एकाच पाकिटात ठेवा. पण चिकटवू नका. भेटायचं तेवढं आमच्यासाठी शिल्लक राहू द्या.