फुंक्याचा श्वास

मित्रांनो, मी एक जुना क्लॅरिनेट आहे. काळ्या लाकडाचा, पांढऱ्या धातूच्या कळांचा, आणि आता कमरेपाशी एक बारीक सांधा असलेला. तो सांधा कसा आला, तेच आज सांगणार आहे.

ज्या कारागिरानं मला घडवलं, तो घाईचा माणूस नव्हता. त्यानं माझ्या लाकडाचे तुकडे कापले आणि फळीवर नुसते ठेवून दिले. "लाकडाला आधी वाळू दे, मग बघू," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ऋतू येत होते, जात होते, आणि मी अर्धवट झोपेत तिथे पडून होतो. मग एके सकाळी त्यानं माझ्या पोटातून आरपार भोक पाडलं, मला तेल पाजलं, कळा बसवल्या. तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधली आणि पहिली फुंकर मारली. त्या फुंकरीनं मी जागा झालो.

मला विकत घेतलं एका बंदराच्या गावातल्या बँडमास्तरांनी. रविवारी ऊन उतरलं की बागेतल्या गोल चबुतऱ्यावर त्यांचा बँड वाजायचा. समोरच्या बाकांवर गोदीतले कामगार, त्यांच्या बायका, पेन्शनीतली माणसं येऊन बसायची. मास्तरांचा श्वास लांब होता. ते सूर असा सोडायचे की तो झाडांच्या शेंड्यांवरून समुद्राकडे निघून जाई, आणि लोक तो दिसेनासा होईपर्यंत वर बघत राहत. "मास्तर वाजवत नाहीत, हवेला थोपटतात," असं कुणीतरी म्हणालं होतं. ते ऐकून मी कितीतरी दिवस फुगलेला होतो.

मास्तरांना एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीला पुस्तकांशिवाय काही दिसत नसे. पुढे ती सरकारी प्रयोगशाळेत रसायनं तपासायच्या कामाला लागली. मुलगा हाताला लागेल त्यात फुंकायचा. पेनाचं टोपण म्हणू नका, रिकामी बाटली म्हणू नका, नळीचा तुकडा म्हणू नका. सगळे त्याला फुंक्या म्हणू लागले. तो मोठा झाला, गोदीत क्रेनचालक झाला, त्याचं लग्न झालं, तरी नाव काही सुटलं नाही. त्याची बायको तोंडावर "अहो" म्हणायची, पण शेजारणीशी बोलताना "आमचे फुंक्या" असंच यायचं.

मग मास्तर गेले. माझी पेटी कपाटावर चढली. आतल्या मखमलीच्या अंधारात मला वाटायचं, आपण पुन्हा त्या कारागिराच्या फळीवर आहोत आणि अजून आपला जन्मच झालेला नाही.

एका दुपारी पेटी उघडली. फुंक्या माझ्याकडे बघत बसला होता. त्याचे डोळे लाल होते. वडील गेल्यापासून त्याची झोप उडाली होती. गादीवर पडला की डोळे टक्क उघडे. आणि काम तर असं, की उंच काचेच्या खोलीत बसायचं, खाली माणसं मुंग्यांएवढी, आणि घराएवढी लोखंडी पेटी त्यांच्या डोक्यावरून उचलून न्यायची. तिथं डुलकी लागून कशी चालेल?

त्यानं मला जोडलं, पुसलं, आणि ओठांशी धरलं. श्वास वडिलांइतका लांब नव्हता, पण निर्मळ होता. तो बँडमध्ये वडिलांच्या जागी उभा राहू लागला. माझे चांगले दिवस परत आले असं मला वाटलं.

झोप मात्र येईना.

गोदीत त्याचा एक मित्र होता, तोही क्रेनचालक. त्याचं तोंड एक क्षणही बंद नसायचं, म्हणून त्याला पोपट म्हणत. बँडच्या तालमीला तो ऐकायला यायचा. एकदा तालीम संपल्यावर चबुतऱ्यामागच्या भिंतीशी बसून त्यानं खिशातून एक चकचकीत निळं पाकीट काढलं.

"हे काय?" फुंक्यानं विचारलं.

"झोपेचा रामबाण उपाय. ओढायचं आणि ढगावर डोकं टेकायचं."

"गांजा आहे?"

"गांजासारखं आहे. गांजा नाही. तीच तर गंमत. कंपनीच्या लघवी तपासणीत सापडत नाही आणि कायद्यानं त्यावर बंदी नाही. फाटकासमोरच्या टपरीवर मोबाइलच्या कव्हरांशेजारी उघड टांगलेलं असतं."

गोदीत क्रेनचालकांची अधूनमधून नशेची तपासणी व्हायची. त्या धाकानं फुंक्या दारूलासुद्धा शिवत नसे. त्यानं पाकीट उलटं करून वाचलं. "सुगंधी वनस्पती. खोलीत दरवळासाठी. माणसानं सेवन करू नये. अरे, हे तर घेऊ नका म्हणून लिहिलंय."

"ते लिहावं लागतं. लिहिलेलं सगळं वाचत बसलास तर झोपणार कधी?"

त्या दिवशी फुंक्याच्या श्वासाला जळक्या प्लॅस्टिकचा वास होता.

त्या संध्याकाळी तो घरी खिडकीशी बसून मला वाजवू लागला. उजेड मधासारखा दाट झाला होता. पडदा हलत होता की खोली हलत होती, कळत नव्हतं. त्याचे डोळे मिटलेले, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आलेली शांती. वाजवता वाजवता त्याला मास्तर दिसले, बाग दिसली, समुद्रावर तरंगत जाणारे सूर दिसले.

बायको दारात येऊन उभी राहिली. "अहो, तोच एक सूर किती वेळ धरून बसलाय?"

"एक सूर?" तो म्हणाला. "मी तर अख्खं गाणं वाजवलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचं बरोबर होतं. मी एकच सूर वाजलो होतो.

झोप आली खरी, पण ती उधारीची होती. हळूहळू पाकिटावाचून अंगाला घाम फुटू लागला. सकाळी उलट्या व्हायच्या. जरा कुणी हाक मारली की तो अंगावर धावून जायचा. क्रेनच्या खोलीत आपल्यामागे कुणीतरी बसलंय, असं त्याला वाटायचं. वळून पाहिलं तर काचेपलीकडे नुसतं आभाळ.

"चेहरा पार उतरलाय तुमचा. वन्संना बोलावू का?" बायको विचारायची.

"ताईला कशाला? थंडी बाधलीय."

मग बागेतला मोठा कार्यक्रम आला. मास्तरांनी बांधलेली चाल फुंक्या एकटा वाजवणार होता. त्याआधी तो आणि पोपट भिंतीमागे गेले. त्याच पाकिटातली चिमूट, तीही नेहमीपेक्षा लहान. "आज कमीच घेतोय, वाजवायचंय," असं तो म्हणाल्याचं मला आठवतं.

पहिली ओळ नीट गेली. दुसरीत त्याची बोटं माझ्या कळांवरून घसरू लागली. त्याच्या छातीतली धडधड माझ्या लाकडात उतरली. अशी वेडीवाकडी लय मी आजवर कुठल्याही ढोलाची ऐकली नव्हती. श्वास अर्ध्यावर तुटला. लोकांना वाटलं, विसरला. मग तो ताठ झाला आणि कोसळला. त्याचं अंग झटके देऊ लागलं. मी दगडी पायरीवर आपटलो आणि कमरेपाशी तडकलो.

माणसं धावली. कुणी म्हणे पाणी पाजा, कुणी म्हणे दातांत चमचा घाला. बँडमधली ढोल वाजवणारी बाई, जी एरवी बेकरीत पाव भाजायची, तिनं सगळ्यांना मागे सारलं. "तोंडात काही घालायचं नाही. हात धरू नका. डोक्याखाली कापड द्या आणि गाडी बोलवा." झटके थांबल्यावर तिनं त्याला कुशीवर वळवलं, कॉलर सैल केली, आणि गाडी येईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

इस्पितळात मी त्याच्या बायकोच्या मांडीवर होतो, ओढणीत गुंडाळलेला. डॉक्टरीणबाई आल्या.

"काय घेतलं होतं यांनी?"

"ते दारूलासुद्धा शिवत नाहीत, डॉक्टर."

"तपासणीतही काही येत नाहीये. पण मूत्रपिंडांवर ताण आलाय, हृदयाचे ठोके अजून ठिकाणावर नाहीत. काय पोटात गेलंय ते कळलं, तर आम्हाला पुढचं सुचेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुंक्या शुद्धीवर आला. मोठी बहीण येऊन उशाशी बसली होती.

"बाळा," ती त्याला लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, "मी हे रोज तपासते. नेहमीच्या तपासणीत न सापडणारं काय असतं, मला ठाऊक आहे. रंगीत पाकीट होतं ना?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "काही नव्हतं, ताई. चक्कर आली."

ती रागावली नाही. शांतपणे बोलत राहिली. "त्यातलं पान कुठलंही साधं पान असतं. कारखान्यात केलेली भुकटी पातळ करून त्यावर शिंपडतात. ती सारखी पसरत नाही. एका चिमटीत काहीच नसतं, दुसरीत दहा माणसांना आडवं करेल एवढं असतं. लोक याला कृत्रिम गांजा म्हणतात, पण गांजापेक्षा कितीतरी पटींनी जहाल. तू कमी घेतलंस की जास्त, ते तुझ्या हातातच नव्हतं. उरलेलं पाकीट कुठे आहे?"

पाकीट पोपटाकडे होतं. आणि पोपटाची पाळी सकाळची होती. फुंक्यानं घड्याळाकडे पाहिलं. मला त्याचा चेहरा दिसत होता. बोललं तर आपली खुर्ची जाणार, मित्राची जाणार. नाही बोललं तर त्या उंच खोलीत पोपट, आणि खाली मुंग्यांएवढी माणसं. त्यांतल्या कितीजणांना तो नावानं ओळखत होता.

"ताई," तो म्हणाला, "मुकादमाला फोन लाव. मी बोलतो."

तो बोलला. काही लपवलं नाही. बायको ऐकत होती. तिनं मला घट्ट धरलं.

मुकादमानं लगेच क्रेनखालचं काम थांबवून माणसं दूर केली. पोपट वर बसलेला होता आणि लोखंडी पेटी मधोमध हवेत लटकत होती. तो हाकेला ओ देईना. दुसरा चालक शिडीनं वर गेला, त्यानं पेटी सावकाश खाली उतरवली, मग पोपटाला उतरवलं.

पाकीट बहिणीच्या प्रयोगशाळेत गेलं. पोलीस टपरीवर गेले, तर टपरीवाला म्हणाला, "साहेब, ह्या रसायनावर बंदी आहे असं दाखवा, मी आत्ता दुकान बंद करतो." आणि खरंच त्या रसायनाचं नाव कायद्यात नव्हतं. त्याच्या आधीच्या भावंडाचं होतं. बनवणाऱ्यांनी रेणूचा एक कोपरा बदलला होता, आणि झालं नवं नाव, नवं पाकीट. पोलीस हात हलवत परतले. बहिणीनं मग वरपर्यंत कागद धाडले, ठिकठिकाणी जाऊन साक्ष दिली. पुष्कळ महिन्यांनी कायदा बदलला. आता एकेक नाव न घेता त्या रसायनांच्या सगळ्या कुटुंबावर बंदी आली, बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा ठरलं. टपरीवरची पाकिटं गेली. दुसऱ्या गल्लीत दुसऱ्या रंगाची येणार नाहीत, असं मात्र बहीण कधी म्हणाली नाही.

फुंक्याची क्रेनची खुर्ची गेली. खरं बोलला म्हणून गोदीनं त्याला खाली, दोरखंड आणि आकडे तपासायच्या कामावर ठेवलं. मूत्रपिंडं सावरली. श्वास आखूड झाला तो झालाच. मला वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं, तेव्हा तो भेगेवरून नख फिरवत म्हणाला, "बुजवतो. पण आवाज थोडा बदलेल."

"माझाही बदललाय," फुंक्या म्हणाला. "चालेल."

आता तो लहान लहान ओळी वाजवतो, मध्ये थांबतो. झोपेसाठी तो डॉक्टरीणबाईंकडे जातो, आणि वडिलांबद्दल बायकोशी बोलतो. आधी तो त्यांचं नावही काढत नसे.

पोपट मात्र फुंक्याशी बोलेनासा झाला होता. "माझ्या पोटावर पाय दिलास," असा निरोप त्यानं धाडला होता. मग उपचारांसाठी तो दूर गेला. परवा दुपारी अचानक दारात उभा राहिला, वाळलेला, शांत. त्याला इतका वेळ गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझा हात पेटी सोडायच्या खटक्यावर होता," शेवटी तो म्हणाला. "खाली माणसं होती. मला दिसत होती. पण ती खरी आहेत, हेच मला पटत नव्हतं."

फुंक्यानं त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"मला शिकवशील का रे हे?" पोपटानं माझ्याकडे बोट दाखवलं.

फुंक्यानं मला त्याच्या हातात दिलं. त्यानं गाल फुगवून अशी फुंकर मारली की आतून फुंक्याच्या बायकोचा आवाज आला, "अहो, कुणी बदकाची मान मुरगाळताय का?"

दोघं हसले. फुंक्याला हसताना खोकला आला, तरी तो हसत राहिला.

मित्रांनो, कुणी तुम्हाला म्हणेल, हे तर नुसतं पान आहे, दुकानात मिळतं, कायद्यात नाही. कायद्याला पोचायला उशीर झाला, म्हणून विष काही थांबून राहत नाही. आणि आपला कुणी त्या वाटेनं जात असेल, तर चुगली होईल म्हणून गप्प बसू नका. वेळेवर कुणा मोठ्या माणसाला सांगा. आपला तो माणूस रागावेल, कदाचित पुष्कळ दिवस बोलणारही नाही. नाही बोलला तरी चालेल. पण जिवंत असावा.

पोपट आता ओठ नीट जुळवून पुन्हा फुंकतो आहे. सूर अजून लागलेला नाही. फुंक्या त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणतो आहे, "घाई नको. आधी श्वास घे."