यादीत नसलेला मॉनिटर

घराच्या पुढच्या खोलीत तिचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्रांचे फोटो, शाळेतल्या वर्गांचे फोटो, लग्नाचे अल्बम, शिवाय कुणी फाटका जुना फोटो आणला तर तो जुळवून देणं, ही सगळी कामं ती एकटीच करायची. गालावरचा केसभर डागसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. पण ही नजर काम संपल्यावर मिटत नसे, हीच पंचाईत होती. दूधवाल्याच्या मापापासून पाहुण्यांच्या हसण्यापर्यंत तिला सगळीकडे काहीतरी खटकायचं. "ताई संशय घेत नाही, संशयच पत्ता विचारत ताईकडे येतो," असं तिचा धाकटा भाऊ म्हणायचा.

त्याच्याबद्दल संशय यायला मात्र कारण होतं. चार वर्षांपूर्वी तो तिचा जुना कॅमेरा दुरुस्तीला म्हणून घेऊन गेला तो गेलाच. आधी भाग मिळत नव्हता, मग कारागीर आजारी पडला, शेवटी कारागिराचं दुकानच बंद झालं. तिनं विचारणं सोडलं, पण विसरली नाही.

म्हणून शाळेचे फोटो द्यायच्या आदल्या दिवशी तिचा कॉम्प्युटर एकदा घरघरला आणि कायमचा गप्प झाला, आणि धाकटा "तयार घेऊ नकोस, सुटे भाग आणून मी जोडून देतो, तेवढ्याच पैशांत दुप्पट काम करेल" म्हणाला, तेव्हा तिनं आधी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"आणि त्यातलं तुला काय सुटणार?"

"ताई, सख्ख्या भावाला असं विचारतात का?"

"सख्ख्यालाच विचारायचं. परक्याला आपण पैसे देतो कुठे?"

शाळेकडून तिनं मुदत वाढवून घेतली आणि आठ दिवस बसून स्वतः यादी केली. प्रोसेसर असा हवा की चित्र दाखवायचं कामही त्यातच भागेल, म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. सोळा जीबी मेमरी. चालू कामासाठी वेगवान एसएसडी, जुने फोटो साठवायला मोठी हार्ड डिस्क. पॉवर सप्लाय चांगला, कारण स्वस्तातला जळला तर सोबत चौघांना घेऊन जातो, हे धाकट्याचं म्हणणं तिला पटलं होतं. आणि मॉनिटर चोवीस इंची, पण रंग खरे दाखवणारा. माणसाचा रंग पडद्यावर एक आणि कागदावर दुसरा आला, तर गिऱ्हाईक कपाळाला हात लावतं. यादी हातात ठेवून तिनं बजावलं, "यातलं एक अक्षर बदलायचं नाही."

बाबा पलीकडे पेपर वाचत होते. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. पेपरातून डोकं न काढता त्यांनी विचारलं, "त्यावर तो बस चालवायचा गेम चालेल का रे?"

ती हसली. कॉम्प्युटरवरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं म्हणणारे हेच बाबा. "तुम्हाला कशाला हवाय गेम?"

"वेळ जातो."

धाकटा हसला नाही. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि बाबांनी पान उलटलं. तिनं ते टिपलं.

रविवारी सकाळी जुळणी झाली. मोठं टेबल रिकामं करून धाकट्यानं खोकी मांडली. ती कॅमेरा गळ्यात अडकवून उभी राहिली आणि खोक्यातून निघालेल्या प्रत्येक भागाचा, त्यावरच्या नंबरासकट, फोटो काढत गेली.

"हे काय चाललंय?"

"आठवण म्हणून."

"पुरावा म्हणून, असं सरळ म्हण की." पण त्याचे हात थांबले नाहीत. आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून त्यानं अंगातली वीज उतरवली. प्रोसेसर अलगद खाचेत बसवला, त्यावर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, वर पंखा आवळला. हाताला सराव होता, हे तिलाही मान्य करावं लागलं. पण शेवटची दोन खोकी उघडली आणि तिचा कॅमेरा खाली आला.

एक ग्राफिक्स कार्ड होतं, खोक्याशिवाय, नुसतं फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. आणि मॉनिटर बत्तीस इंची, दोन्ही कडांना आत वळलेला, अर्धं टेबल व्यापणारा.

"हे यादीत नव्हतं."

"कार्ड ओळखीच्याकडून मिळालं, जुनं आहे, पण उत्तम आहे. मॉनिटर जवळजवळ तेवढ्याच पैशांत आला."

"बिल?"

"देतो ना." त्यानं वायरी गुंडाळायला घेतल्या. "मोठ्या पडद्यावर तुलाच बरं पडेल. डोळ्यांना त्रास कमी."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

यावर बाबा उठून आत गेले.

सोमवारी कामाला बसल्यावर माणसांचे चेहरे हिरवट दिसायला लागले. पडदा बाजूने पाहिला की काळे केस राखाडी व्हायचे. रंग जुळवण्यात तिचा अर्धा दिवस गेला. मंगळवारी तिनं वर्गाच्या फोटोचे सहा तुकडे एकत्र जोडायला घेतले, तर मशीन हत्तीसारखं बसकण मारून राहिलं. सेटिंगमध्ये जाऊन पाहते तर मेमरी आठ जीबी. सोळा नव्हे, आठ. मागे जाऊन तिनं कॅबिनेटची बाजू उघडली. दोन पट्ट्यांच्या जागी एकच पट्टी होती; रविवारी तिनं तिचा फोटो काढला होता, पट्ट्या मोजल्या नव्हत्या.

तिनं धाकट्याला फोन लावला. "मेमरी अर्धी कशी?"

"दुसरी पट्टी नंतर टाकू. बसत नव्हतं सगळं पैशांत."

"कारण न मागितलेलं कार्ड घेतलंस."

"ताई, मी नंतर बोलतो," म्हणून त्यानं फोन ठेवून दिला.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आता तिच्या मनात चित्र तयार व्हायला लागलं: दुकानात पडून राहिलेला मॉनिटर गळ्यात मारायचा, दुकानदाराकडून त्याची दलाली घ्यायची, कुणाचं तरी टाकाऊ कार्ड खपवायचं. आणि बाबाही त्यात सामील. कारण बाबांचं वागणं सरळ नव्हतं. ते दुपारी 'जरा जाऊन येतो' म्हणून निघायचे, तेही हल्ली स्कूटर न घेता, पायी. धाकट्याचा फोन आला की आवाज खाली यायचा. एकदा ती खोलीत शिरली तर त्यांनी काहीतरी पटकन खिशात घातलं. मूठभरही नसेल, पण घाई मात्र चोराची होती. बापाला खर्चाला पैसे कमी पडतात की काय, असा विचार आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. पण संशय तेवढ्याने जातो थोडाच!

बुधवारी ती थेट कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणजे चष्मा कपाळावर सरकवून बोलणारा एक शांत गृहस्थ. तिनं मॉनिटरचा फोटो दाखवला आणि सरळ विचारलं, "हा तुम्ही माझ्या भावाच्या गळ्यात मारलात, की त्यानं मागून घेतला?"

"गळ्यात कशाला मारू? मी तर चोवीस इंची काढून ठेवला होता, तुमच्या यादीप्रमाणे. पण तुमच्या वडिलांनी हाच पसंत केला."

"माझे वडील इथे आलेच नाहीत."

"अहो, तासभर होते." त्यानं कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. "तिथं बसून सगळे मॉनिटर बघितले. अगदी जवळ ओढून. एक डोळा झाकायचा, बघायचं, मग दुसरा झाकायचा. मी म्हटलं, काका, मॉनिटर घेताय की डोळे तपासताय? तर हसले. म्हणाले, दोन्ही."

बिल तिच्या नावाचं तयारच होतं. आकड्यांत काही गफलत नव्हती. पण आता तिला बिलात रस उरला नव्हता.

ती घरी आली तेव्हा भर दुपार होती. स्टुडिओचं दार लोटलेलं होतं आणि आतून इंजिनाचा आवाज येत होता. फटीतून तिनं पाहिलं. बाबा पडद्याच्या अगदी पुढ्यात, ताठ बसले होते. पडद्यावर बस शहरातून जात होती. वळणाआधी वेग कमी, थांब्यावर पूर्ण थांबूनच दार उघडणं, सगळं शिस्तीत. मग उजवीकडून एक सायकलवाला आला. तिला तो केव्हाचा दिसत होता. बाबांना दिसला नाही. धाड! बाबांनी बस मागे घेतली, पुन्हा तोच रस्ता धरला. या वेळी उजवीकडून मोटार आली. पुन्हा धाड. डावीकडून आलेल्या एकालाही धक्का लागला नाही.

ती चहा करून घेऊन आली आणि काही न बोलता कप त्यांच्या उजव्या बाजूला, हाताच्या अंतरावर धरून उभी राहिली. बाबा खेळत राहिले. तिचा हात अवघडला. चहाचा वास आला तेव्हा त्यांनी मान वळवली आणि दचकले.

"केव्हा आलीस?"

"आत्ताच," ती म्हणाली. "बाबा, तुम्हाला या बाजूचं दिसत नाही."

त्यांनी गेम थांबवला. चहा घेतला, एक घोट प्यायले. खिशातून बोटभर उंचीची थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली.

"काचबिंदू आहे म्हणाले. दोन महिने झाले. फाटकाच्या खांबाला स्कूटर घासली, तेव्हा शंका आली. खांब काही चालत आला नव्हता ना."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस."

"काढून घेतलीच असती!"

"तेच म्हणतो. ती मला स्वतःहून खाली ठेवायची होती. डॉक्टर सांगतात इतकं दिसतं, इतकं नाही. कागदावर काळे ठिपके दाखवतात. ठिपक्यांवरून मला काय कळणार? एकतीस वर्षांत माझ्या हातून कोंबडीसुद्धा मेली नाही. मला रस्त्यावर बघायचं होतं, आपल्याला काय काय दिसत नाही ते. खऱ्या रस्त्यावर कुणाला धडकून बघू का? म्हणून हा रुंद पडदा, आणि गेम चालावा म्हणून ते कार्ड. इथं कुणी मरत नाही."

ती खाली स्टुलावर बसली. चार दिवस ती पैशांचा माग काढत होती. रोज समोर बसून जेवणारा माणूस उजवीकडची वाटी चाचपडत शोधतो, हे तिच्या त्या तीक्ष्ण नजरेला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी धाकटा आला. बाटली टेबलावर बघून त्यानं खुर्ची ओढली आणि गुन्हेगारासारखा बसला. "त्यांनी शपथ घातली होती."

"घातली असेल. पण मला वाटलं तू पैसे खाल्लेस."

"ते मला दिसत होतं. नंबरांचे फोटो काढत होतीस." मग मान खाली घालून तो म्हणाला, "वाटणारच. तुझा कॅमेरा मी विकला होता, ताई. तेव्हा नोकरी नव्हती. सांगायला तोंड नव्हतं."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. खरं तर माहीत नव्हतं, नुसता संशय होता. तो खरा निघाल्याचा आनंद मात्र झाला नाही. "पुन्हा असलं काही लपवलंस, तर याद राख. चांगल्यासाठी असलं तरी."

शुक्रवारी तिघंही डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नवा तक्ता जुन्याशी ताडून पाहिला. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब वेळेवर घातले तर आहे ती टिकेल, असं सांगितलं. बाबांनी गेमचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "ती काही तपासणी नव्हे बरं का, काका. पण मान वळवून बघायची सवय त्यातून लागत असेल, तर खुशाल खेळा. थेंब चुकवू नका म्हणजे झालं."

स्कूटर बाबांनी त्याच आठवड्यात विकली, गिऱ्हाईकही स्वतः शोधलं. किल्ली दिली त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. तिनं आग्रह केला नाही.

मेमरीची दुसरी पट्टी धाकट्यानं आणली, ती तिनं स्वतः बसवली. पहिल्यांदा नीट दाबली गेली नाही, तर पडदा काळाच राहिला आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. काढून पुन्हा जोर देऊन दाबली, तेव्हा खट्ट वाजली. शाळेच्या फोटोंचं काम उरकल्यावर तिनं रंग खरे दाखवणारा लहान मॉनिटर घेतला, आणि आता टेबलावर दोन पडदे असतात. सकाळी लहानावर तिचं काम चालतं. दुपारी मोठ्यावर बस सुटते.

एका दुपारी ती शेजारी बसून कुणाच्या तरी आजीचा फाटलेला फोटो जुळवत होती. बाबांची बस गर्दीच्या चौकात आली. त्यांनी वेग कमी केला, मान पार उजव्या खांद्यापर्यंत वळवली, पाहिलं, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. एक सायकलवाला पुढून रस्ता ओलांडू लागला. मागच्या मोटारीनं हॉर्न वाजवला.

"वाजव बाबा, वाजव," बाबा पडद्याला म्हणाले. "मला घाई नाही."

आणि सायकलवाला पूर्ण पलीकडे गेल्यावरच त्यांनी बस पुढे काढली.